तीस म्हणजे नेमके किती? कानबाईच्या फ्लेक्सवरच्या एका लेयरचं प्रकरण

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवाचा दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्स, एवढंच हे काम. मजकूर दरवर्षीचाच. वर उत्सवाचं नाव, खाली स्थापनेची, रोटांची आणि विसर्जन मिरवणुकीची वेळ, दोन्ही कडांना मंडळाच्या लोकांचे फोटो, आणि मधोमध अक्षरांच्या मागे कानबाईचा फोटो, फिका करून. घोळ झाला तो या ‘फिका करून’मध्ये. फाइल तीन जणांच्या हातांतून गेली, तिघांनीही आपापल्या जागी बरोबरच काम केलं, आणि तरीही नमुना दोनदा परत आला. त्यानंतर ती माझ्याकडे दुरुस्तीला आली. लेयरची ओपॅसिटी, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चित्रांपैकी एक थर किती भरीव दिसतो तो आकडा, वरवर फार सोपी वाटते, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

वेळेची घाई मोठी होती. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी नदीवर जाते. सुरत, पुणे, नाशिककडे कामाला गेलेली माणसं त्या दोन दिवसांसाठी गावी येतात, भाऊबंद एकत्र बसून नैवेद्याचे रोट खातात. फ्लेक्स शनिवारी संध्याकाळपर्यंत चौकात लागला नाही, तर तो कोणी बघायचा?

फाइल कुठून कुठे गेली

मंडळाच्या अध्यक्षांना गाव आबा म्हणतं. आबांचा भाचा पुण्यात असतो, त्याला फोटोशॉप चांगलं येतं. त्याने पिवळ्या-केशरी ग्रेडियंटवर (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या जमिनीवर) मागच्या वर्षीच्या कानबाईचा फोटो ठेवला, त्या लेयरची ओपॅसिटी ३० केली आणि वर मरून रंगात मजकूर टाकला. लॅपटॉपवर छान दिसलं. आबांना मोबाइलवर पाठवलं, त्यांनाही आवडलं.

पण छपाईचा मजकूर बसवणार होतं अमळनेरचं एक दुकान, आणि ते काम कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालतं. आपल्याकडच्या बहुतेक फ्लेक्सच्या दुकानांची हीच रीत. जुन्या मराठी फॉन्टांवर हात बसलेला, साच्याच्या फाइली कोरलमध्ये, नावं बदलायची तर तिथेच बदलायची. दुकानातल्या मुलाने भाच्याला सांगितलं, ‘पूर्ण फाइल नको, नुसता फोटो पाठव, बाकी मी बघतो.’ भाच्याने फोटो पाठवला आणि फोनवर सांगितलं, ‘तीस ठेव.’

मुलाने कोरलमध्ये फोटोवर ट्रान्सपरन्सी लावली आणि आकडा टाकला ३०.

आबांकडे नमुना गेला, तो बघून त्यांनी दुकानात फोन केला की नावंच वाचता येत नाहीत, देवी अक्षरांवर चढून बसली आहे. मुलाने आकडा वाढवत वाढवत ८५ वर नेला. मॉनिटरवर देवी हलकी, मागे, नीट दिसत होती. या वेळी त्याने शहाणपणा करून धुळ्याच्या प्रेसमधून एक छोटा तुकडा छापून घेतला. तो आबांनी उन्हात धरला आणि विचारलं, “आते देवी कथा गयी?” (आता देवी कुठे गेली?) पिवळ्या रंगावर कुठे तरी एक चौकोनी मळकट छटा होती. देवीचा पत्ता नव्हता.

मग त्याने फोटोची दुसरी प्रत तशाच ८५ वर पहिलीवर ठेवली. देवी थोडी परत आली, पण मळकट चौकोनही तितकाच वर आला. इथे काम अडलं.

एकाच पिक्सेलचा हिशोब

भाच्याचे ३० आणि दुकानातले ३० हे उलट दिशांनी मोजलेले आकडे होते. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी म्हणजे लेयर किती भरीव आहे. १०० म्हणजे पूर्ण दिसणारा, ० म्हणजे गायब. गिम्प आणि क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच. कोरलमध्ये मात्र आकडा पारदर्शकतेचा. तिथे ० म्हणजे पूर्ण भरीव आणि १०० म्हणजे गायब. म्हणजे फोटोशॉपचे ३० कोरलमध्ये ७० होतात. पॉवरपॉइंटमध्येही चौकटीच्या रंगाची ट्रान्सपरन्सी कोरलसारखीच मोजली जाते. कॅन्व्हाची गंमत याहून वेगळी. तिथे बटणाचं नाव ट्रान्सपरन्सी, पण पट्टी १०० वर असते तेव्हा चित्र पूर्ण भरीव. नाव एका बाजूचं आणि मोजणी दुसऱ्या बाजूची. म्हणून फोनवर नुसता आकडा सांगण्यात काही अर्थ नाही. ‘देवी तीस टक्के दिसू दे’ असं पूर्ण वाक्य बोललं गेलं असतं, तर पहिला नमुना परत आला नसता.

पण यातून फक्त पहिल्या नमुन्याचा उलगडा होतो. दुसरा का फसला ते कळायला एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, जवळून बघावा लागेल.

कानबाई म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, कुंकू, गळ्यात पोत, आणि चौरंगावर साजशृंगार. फोटोतल्या नारळाच्या एका ठिपक्याचा रंग घेतला तर (प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला) लाल १२०, हिरवा ७०, निळा ४०. खालच्या पिवळ्या ग्रेडियंटचा त्याच जागचा ठिपका २५५, २००, ६०. मोड म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळायची रीत, आणि नॉर्मल मोडमध्ये हिशोब साधा असतो. वरच्या रंगाचा ओपॅसिटीइतका हिस्सा आणि उरलेला हिस्सा खालच्या रंगाचा, दोन्ही मिळवायचे. ३० टक्क्यांना लालचा आकडा ३६ अधिक १७८.५, म्हणजे सुमारे २१५. हिरवा १६१, निळा ५४. हा गेरूकडे झुकणारा पिवळा झाला, आणि त्यावर मरून अक्षर व्यवस्थित वाचता येतं. भाच्याच्या लॅपटॉपवर हेच दिसत होतं.

कोरलच्या ३० मध्ये नारळ ७० टक्के भरीव झाला. त्याच ठिपक्याचा रंग १६०, १०९, ४६. गडद तपकिरी, आणि त्यावर मरून अक्षर. नावं हरवणारच.

आता ८५ ची पारदर्शकता, म्हणजे १५ टक्के ओपॅसिटी. ठिपका २३५, १८०, ५७. शेजारचा नुसता पिवळा २५५, २००, ६०. दोघांत फरक किती राहिला? लालमध्ये वीस, हिरव्यात वीस, निळ्यात तीन. मूळ फोटोत नारळ आणि ही पिवळी जमीन यांच्यात एकट्या लालचाच फरक १३५ होता.

फोटोतल्या कोणत्याही दोन ठिपक्यांमधला फरक ओपॅसिटीच्या प्रमाणात दबतो, आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच गोष्ट. नारळ आणि त्यावरचा चांदीचा डोळा यांच्यात मूळ फोटोत लालचा फरक होता १२०, कारण डोळ्याचा रंग २४०, २४०, २३५. पंधरा टक्क्यांना तो उरतो १८. आपण ‘फिकं करतोय’ असं म्हणतो, पण प्रत्यक्षात फोटोचा उठाव काढून घेत असतो. मॉनिटर स्वतः प्रकाश टाकतो, त्यामुळे अंधाऱ्या दुकानात १८ चा फरकही डोळ्याला कळतो. फ्लेक्सवर पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कोरा फ्लेक्सच. हलकी छटा तिथे विरळ ठिपक्यांनी दाखवली जाते, फ्लेक्सची स्वतःची विणही मधे येते, आणि चौकात ऊन चकाकतं. एवढ्यात अठराचा फरक टिकत नाही.

दुसरी प्रत वर ठेवल्याने काय झालं तेही याच हिशोबात येतं. पंधरा आणि पंधरा तीस होत नाहीत. पहिल्या लेयरमधून ८५ टक्के खालचं दिसतं, दुसऱ्यातून त्या ८५ चे ८५ टक्के, म्हणजे ७२.२५. उरले २७.७५, ही झाली एकूण ओपॅसिटी. तिसरी प्रत ठेवली असती तर ३९ च्याही आत. पन्नासचे दोन लेयर एकावर एक ठेवले तर शंभर होत नाहीत, पंचाहत्तर होतात. नवशिक्या मुलांना हे करून दाखवावंच लागतं, नुसतं सांगून पटत नाही.

हा हिशोब तसा जुना आहे. चित्राबरोबर ‘किती झाकायचं’ याचा वेगळा आकडा साठवायची कल्पना अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमुल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मांडली. लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये एकावर एक चित्रं ठेवण्याचे सगळे प्रकार गणितात बसवून दिले. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. कोरलमधला मुलगा जो आकडा फिरवत होता, त्यामागे हेच गणित चालतं. बदलते ती फक्त पट्टीची दिशा.

मळकट चौकोन

आबांची दुसरी तक्रार होती मळकटपणाची, आणि ती जास्त रास्त होती. फोटो घरात काढलेला. मागे भिंत, एका बाजूला पडदा. आपल्याला ती भिंत पांढरी वाटते, पण तिचा रंग होता २२०, २१५, २०५. पांढऱ्यात थोडी राख. तीस टक्क्यांच्या नॉर्मलमध्ये ही भिंत पिवळ्यावर बसली की रंग होतो साधारण २४५, २०५, १०४. निळा ६० वरून १०४ वर गेला, म्हणजे पिवळ्याचा तजेला गेला आणि दुधी पोत आला. फोटो चौकोनी, म्हणून दुधी भागही चौकोनी, चारही कडा धारदार. देवी दिसो न दिसो, चौकोन दिसणारच.

अशा वेळी अनेक जण मल्टिप्लाय मोड लावतात. त्यात वरचा आणि खालचा रंग गुणून २५५ ने भागतात, त्यामुळे वर शुद्ध पांढरं असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो. पण ही भिंत शुद्ध पांढरी कुठे होती? तशीच मल्टिप्लाय केली तर पिवळा २२०, १६९, ४८ होतो. दुधी डाग गेला आणि राखी डाग आला. आधी लेव्हल्समध्ये, म्हणजे उजेड-अंधार बदलायच्या सोयीत, पांढऱ्याची खूण आत ओढून भिंत २५५ पर्यंत नेली, मगच मल्टिप्लाय लावलं. भिंत नाहीशी झाली. पडदा गडद होता, तो मास्कने (लेयरचा काही भाग झाकणाऱ्या पडद्याने) काढावा लागला. केळीच्या खांबांची पानं मात्र जशीच्या तशी राहिली, आणि मल्टिप्लायचा खरा फायदा तिथेच. पानांच्या फाटक्या कडा हाताने कापत बसायची गरज उरली नाही.

इथवर आल्यावर मला वाटलं होतं की काम संपलं. आबांबरोबर त्यांच्या घरातल्या एक वयस्कर काकू आल्या होत्या. स्क्रीनकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, “कानबाईना डोया दिखाले जोयजेत.” (कानबाईचे डोळे दिसायला हवेत.)

त्यांचं बरोबर होतं. मल्टिप्लायमध्ये पांढरं नाहीसं होतं, मग चांदीचे डोळे आणि नथीचे मोतीही नाहीसेच होणार. डोळ्याचा २४०, २४०, २३५ हा मूळ रंगच पिवळ्याशी गुणला तरी सुमारे २४०, १८८, ५५ होतो, आणि लेव्हल्सने तर तो भिंतीबरोबर पांढराच झाला होता. डोळे जमिनीच्या रंगाचे झाले होते. भिंत घालवणाऱ्या मोडने डोळेही नेले.

जे हवं होतं ते ओपॅसिटीत बसणारं नव्हतं

त्या एका वाक्यामुळे कामाची दिशाच बदलली. भाचा, दुकानातला मुलगा, आबा, सगळे एकच आकडा शोधत होते. पंधरा, तीस, पन्नास. लेयरची ओपॅसिटी अख्ख्या लेयरला एकच हुकूम देते. देवीचा चेहरा ठसठशीत आणि चौरंगाकडचा भाग, जिथे कार्यक्रमाच्या वेळा येतात, तो हलका, असं दोन्ही एका आकड्यात कसं मिळणार? मुळात मागणी होती जागेजागी वेगळ्या प्रमाणात दिसण्याची, आणि त्यासाठी मास्क आहे.

मास्कमध्ये पांढरं म्हणजे दिसतं, काळं म्हणजे झाकलेलं, मधला राखी रंग म्हणजे अर्धवट. लेयर स्वतः हात न लावलेला राहतो, उद्या आबांचं मन बदललं तर मास्क पुन्हा रंगवता येतो. मास्क आणि ओपॅसिटी एकमेकांना गुणतात, हेही लक्षात ठेवायचं. मास्कमध्ये अर्धा राखी आणि लेयरची ओपॅसिटी ४५ असेल, तर त्या जागी प्रत्यक्षात साडेबावीस टक्केच दिसतं. बरेच जण मास्क रंगवून झाल्यावर वर ओपॅसिटी कमी करतात आणि मग खालचा भाग का नाहीसा झाला म्हणून गोंधळतात.

शेवटी एकाच फोटोचे दोन लेयर केले. खालचा लेयर म्हणजे पूर्ण फोटो, लेव्हल्सने उजळलेला, मल्टिप्लाय मोडमध्ये, वरून खाली जाणाऱ्या ग्रेडियंट मास्कसह. चौरंगाकडे मास्क गडद, म्हणजे मजकुराला मोकळी जागा. वरच्या लेयरमध्ये फक्त चेहरा: डोळे, नथ, कुंकू. नॉर्मल मोड, ओपॅसिटी १००, आणि कडेने मऊ ब्रशने रंगवलेला मास्क, म्हणजे चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही. उत्सवाचं नाव चेहऱ्यावरून उचलून वर नेलं. मजकूर देवीच्या चेहऱ्यावर असावा हा हट्ट मुळात कोणाचाच नव्हता. साच्यात तो तिथे होता म्हणून तिथेच राहिला होता. फ्लेक्सच्या धंद्यातल्या निम्म्या चुका साच्यातून येतात, असं माझं मत आहे.

चेहरा १०० टक्क्यांवर आणल्यावर एक नवीन दुखणं उघडं पडलं. तीस टक्क्यांत फोटोचा निकृष्टपणा झाकला गेला होता. फोटो व्हॉट्सअॅपवर चार ठिकाणी फिरलेला, रुंदीला जेमतेम बाराशे पिक्सेल. फ्लेक्सच्या फाइलला एका इंचात ७२ पिक्सेल धरले तरी दहा बाय पाच फुटांची फाइल ८६४० बाय ४३२० होते. त्यात हा फोटो ताणल्यावर नथीभोवती चौकड्या दिसायला लागल्या. ज्या मोबाइलने तो काढला होता तो आबांच्या पुतणीचा निघाला. तिच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो.

मास्क रंगवताना दुकानातला मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याने कीबोर्डवर ३ दाबलं आणि लेयर फिका का होत नाही म्हणून विचारलं. मूव्ह टूल (लेयर हलवायचं टूल) घेतलेलं असेल तर अंकाची कळ लेयरची ओपॅसिटी बदलते: ३ म्हणजे तीस, लागोपाठ ४ आणि ५ म्हणजे पंचेचाळीस, ० म्हणजे शंभर. ब्रश हातात असेल तर तीच कळ ब्रशची ओपॅसिटी बदलते. मूव्ह टूलवर शिफ्टबरोबर अंक दाबला की बदलतो तो फिल. फिल आणि ओपॅसिटी यांत फरक असा की फिल कमी केला तर लेयरच्या आतला रंग जातो, पण बाहेरची स्ट्रोकची रेघ आणि सावली राहते. ओपॅसिटी दोन्ही घेऊन जाते. शीर्षकाच्या अक्षरांमागे फक्त पांढरी बाह्यरेषा हवी होती, ती फिलने एका झटक्यात मिळाली.

कडेच्या झेंडूच्या तोरणाचं काम दोन मिनिटांत उरकलं. फुलांच्या प्रत्येक लेयरला पन्नास टक्के दिल्यामुळे जिथे फुलं एकमेकांवर येत होती तिथे गडद डाग पडत होते. सगळी फुलं एका ग्रुपमध्ये घेऊन प्रत्येकाला १०० केलं आणि ओपॅसिटी ग्रुपलाच दिली. ग्रुपला दिलेली ओपॅसिटी आतली फुलं आधी एक करून मग फिकी करते, म्हणून डाग पडत नाहीत.

आकडा ठरवायचा तो फ्लेक्सवर

आता प्रश्न उरला खालच्या लेयरच्या ओपॅसिटीचा. मॉनिटरवर बघून तो ठरवायला मी तयार नव्हतो. देवीच्या साडीचा आणि दोन ओळींच्या मजकुराचा एकच तुकडा घेतला, तो चार वेळा शेजारी शेजारी ठेवला, ओपॅसिटी २५, ३५, ४५ आणि ५५, आणि प्रत्येकाखाली आकडा छापला. प्रेसने तो एका दुसऱ्या कामाच्या कडेला छापून दिला. वाया जाणाऱ्या कडेवर छापायला लावलं की खर्चही फारसा येत नाही.

तुकडा दुकानासमोरच्या भिंतीला लावून रस्त्यापलीकडून पाहिला. स्क्रीनवर जास्त वाटणारा ४५ उन्हात बरोबर ठरला. २५ वर साडीचा काठ हरवत होता, ५५ वर वेळेचे आकडे गुंतत होते. दुसरा प्रेस, दुसरी शाई, दुसरा फ्लेक्स असता तर कदाचित ४० बरा दिसला असता. ४५ हा या कामाचा आकडा आहे, नियम म्हणून तो कोणी लिहून घेऊ नये.

यानंतरची एक पायरी बरेच जण गाळतात. छपाईसाठी फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबात, न्यायची असते. लेयर असलेल्या फाइलचा मोड बदलताना फोटोशॉप विचारतं, लेयर एकत्र करायचे का? ‘नको’ म्हटलं तर मल्टिप्लायचा गुणाकार आता चार शाईंच्या आकड्यांवर होतो, आणि रंग वेगळे येतात. म्हणून मूळ पीएसडी (लेयर असलेली फोटोशॉपची फाइल) आरजीबीमध्येच (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या हिशोबात) ठेवली, तिची प्रत केली, प्रत आधी फ्लॅटन केली, म्हणजे सगळे लेयर एकत्र केले, मग सीएमवायके, मग टिफ फाइल. ही टिफ कोरलमध्ये सगळ्यात खाली ठेवून लॉक केली. वर फक्त मजकूर आणि मंडळाचे फोटो.

यामुळे कोरलमध्ये फिरवायला ट्रान्सपरन्सीचा आकडाच उरला नाही. देवी किती दिसणार हे पिक्सेलमध्ये पक्कं झालं होतं. मुलाने त्याच्या ओळखीच्या फॉन्टात, त्याच्या सवयीच्या जागी नावं टाकली. आयत्या वेळी दोन नावं बदलली, तीही पाच मिनिटांत. भाच्याला फोन करायची वेळ आली नाही. त्याची फाइल वाईट नव्हती, हे मी आबांना मुद्दाम सांगितलं. त्याने स्क्रीनसाठी केलेलं काम स्क्रीनवर चांगलंच होतं.

पीएसडीत लेयरना नावं दिली: ‘चेहरा नॉर्मल १००’, ‘फोटो मल्टिप्लाय ४५’, ‘जमीन’. ‘लेयर ३ कॉपी २’ अशी नावं असलेली फाइल पुढच्या वर्षी कोणालाही उलगडत नाही, ज्याने बनवली त्यालाही नाही. चाचणीचा छापील तुकडा पाकिटात घालून पेनड्राइव्हबरोबर दिला, कारण ४५ कसा दिसतो ते फाइल सांगत नाही, तुकडा सांगतो.

फ्लेक्स शनिवारी दुपारी धुळ्याहून आला आणि दिवेलागणीच्या आत चौकात लागला. काकूंनी डोळे पाहून मान हलवली. आबांनी नावं मोजली. तक्रार एकच आली, मंडळाच्या एका सभासदाची. त्याचं म्हणणं, माझा एकट्याचाच फोटो फिका केलाय, बाकीच्यांचे गडद. त्याच्या फोटोची ओपॅसिटी १०० च होती. त्याने पाठवलेला फोटोच भर दुपारी सूर्याकडे तोंड करून काढलेला, कपाळ पांढरंफटक. पांढरं होऊन गेलेल्या भागात परत आणायला काही उरलेलं नसतं, हे मी त्याला फोनवर समजावलं. पटलं असेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी तो स्टुडिओत जाऊन फोटो काढणार आहे.